कडू कंदाचा कागद

मार्तंड हुदलीकर मास्तरांच्या घरावरून जायची वेळ आली की बेळगावातली शहाणी माणसं पायांचा वेग वाढवीत. मास्तर ओट्यावर असले आणि त्यांची नजर पडली, तर सुटका नसे. मास्तर हाताला धरून बसवणार, चहा मागवणार आणि विचारणार, "तुमच्या आजोळी कुरडूची भाजी चिरून करत की मोडून?" समोरचा गृहस्थ कोर्टातला वकील असो नाहीतर कचेरीतला कारकून, त्याच्या आजीनं काय शिजवलं होतं यापलीकडं मास्तरांना त्याच्यात काडीचा रस नसे. उत्तर मिळालं की ते वहीत जाई, आणि मगच त्या बिचाऱ्याला वाट मोकळी होई. विनोदिनीबाई म्हणत, "लोक सावकाराला चुकवतात, तसे तुम्हाला चुकवतात."

अशा सतरा वह्या भरल्या होत्या. आठळ्यांचं पीठ कसं करायचं, कळकाला पन्नास वर्षांनी एकदा फुलोरा येतो तेव्हा त्याचं बी भातासारखं कसं शिजवायचं, टाकळा कोवळा कधीपर्यंत असतो, आंबिलीला आंबट कशानं आणायचं. हायस्कुलातले सहकारी हसत. मराठीचा मास्तर, चांगलं अक्षर, चांगला आवाज, आणि याला वेड लागलं ते कंदमुळांचं!

हे वेड लागलं होतं अठरा साली, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, तापात. तेव्हा मास्तर एकोणतीस वर्षांचे होते आणि लोंढ्यापलीकडच्या एका रानातल्या शाळेवर नेमणुकीला होते. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, घरात दाणा नव्हता, आणि वरून हा ताप. पंधरा दिवसांत वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या गेल्या. एका घरात मास्तर शिरले तर कोपऱ्यात कडू कंदांचा हा एवढा ढीग, आणि त्याच्या शेजारी चार माणसं उपाशी बसलेली. रानात हा कंद मुबलक मिळतो, पण तसाच खाल्ला तर माणूस मरतो. त्यातलं विष काढायची रीत त्या घरात एका आजीला ठाऊक होती, आणि ती आजी मंगळवारी गेली होती. पोटाची आग आणि अन्नाचा ढीग यांच्यात एका म्हातारीचं अंतर. मास्तरांना ते कधी विसरता आलं नाही. बदली होऊन बेळगावात आले, तरी सुट्टी लागली की पिशवीत वही टाकून लोंढ्याची गाडी पकडत.

कडू कंदाची रीत त्यांना शेवटी सव्वीस सालच्या नाताळच्या सुट्टीत मिळाली, बाळाबाई नावाच्या एका शेतकरी बाईकडून. सत्तरीची बाई, पण तिच्या मागून चालताना मास्तरांना धाप लागे. तिनं कंद कसा सोलायचा ते दाखवलं, चकत्या किती पातळ हव्यात ते दाखवलं, राख चोळून दाखवली, आणि चकत्या बुट्टीत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, भरून बुट्टी ओढ्यात दगडांच्या मधे अडकवून ठेवली. मास्तर पाण्यात पाय सोडून काठावर लिहीत बसले होते.

"किती दिवस ठेवायचं पाण्यात?"

"कडूपना जाईस्तवर."

"म्हणजे किती दिवस?"

"दिस कोन मोजतंय, मास्तर? पानी जोरात असंल तर बिगी हुतं, न्हायतर न्हाय हुत."

"तसं नको. वहीत आकडा पाहिजे."

बाळाबाईनं त्यांच्याकडं, शेंबड्या पोराकडं बघावं तसं बघितलं. "लिव्हा मग पाच. आत्ता पानी हाय, म्हनून पाच." आणि मग दोनदा उकळायचं, पाणी टाकून द्यायचं, हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आनि आता खरं ते लिव्हा. शिजल्यावर आदी घरातल्या म्हातारीनं खायाचं. जिभंला लावून बगायचं, मग घासभर खायाचं. बाकीच्यांनी हात लावायचा न्हाय. दुसऱ्या दिसाचं ऊन अंगनात आलं आनि म्हातारी उटून चुलीपाशी बसली, की मग पोरास्नी वाडायचं."

"आणि नाही उठली तर?"

"मग म्हातारी गेली," बाळाबाई हसली. "पोरं ऱ्हायली की."

"तुमच्या घरात कोण खातं आधी?"

"सासू खायाची. ती गेल्यापास्नं मी."

मास्तरांनी अक्षर न अक्षर लिहून घेतलं. पेन्सिलीचं टोक मोडलं तर दातानं काढून लिहिलं.

आता पुढची गोष्ट सांगायला मला जड जातं, पण सांगितलीच पाहिजे. दोन वर्षांनी बेळगावात महिलांच्या एका मेळाव्यात मास्तरांना बोलावणं आलं. विषय होता 'अरण्यातील आहार'. वहीची कुणीतरी दखल घेतली याचाच मास्तरांना केवढा आनंद! इस्त्रीचा कोट घालून गेले, मोठ्या उमेदीनं वाचू लागले, आणि 'प्रथम घरातील वृद्ध स्त्रीने जिभेला लावून पाहावे' या ओळीवर पुढच्या रांगेतून खसखस पिकली. "इश्श, म्हणजे सगळ्यांना उष्टंच वाढायचं की!" असं कुणी म्हणालं, तर दुसरी म्हणाली, "आणि विषाची परीक्षा सासूवर का हो? सुनेवर का नाही?" हशा असा उसळला की मास्तरांना पुढचं पान सापडेना.

एरवी चारचौघांत आपण सोवळंओवळं मानत नाही असं सांगणारा हा माणूस. बाळाबाईच्या हातचं जेवला होता, ताटही स्वतः घासलं होतं. पण त्या दिवशी त्यांचे कान लाल झाले. घरी येऊन त्यांनी ओढ्याकाठी लिहिलेली कच्ची वही काढली, त्या ओळींवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'उष्टे. गाळावे.' कुणी जबरदस्ती केली नव्हती. वही सभ्य घरांत जावी, छापली जावी, एवढ्या लोभापायी त्यांनी ती ओळ मारली. छापण्यासाठी उतरवलेल्या पक्क्या वहीत ती आलीच नाही. तिथं आली फक्त सुबक अक्षरांतली पाच कलमं, आणि तिसऱ्या कलमात आकडा. वाहत्या पाण्यात पाच दिवस.

मग पंधरा वर्षं काही घडलं नाही. वही कुणी छापली नाही. बाळाबाई वारली.

त्रेचाळीस साल उजाडलं. लढाईमुळं ब्रह्मदेशचा तांदूळ बंद, खानापुरकडचा होता तो सरकारनं उचललेला, आणि बेळगावच्या पेठेत रेशनच्या दुकानापुढं सकाळपासून पिशव्यांची रांग. शहरात ही गत, तर रानातल्या वाड्यांचं विचारायलाच नको. लोंढ्याला परशराम म्हणून मास्तरांचा एक जुना विद्यार्थी शाळामास्तर होता. त्यानं कळवलं, लोक पुन्हा कंद खणायला लागलेत, पण अर्ध्या घरांत रीत जाणणारं कुणी नाही.

मास्तरांना वाटलं, आपण जन्माला आलो ते याच दिवसासाठी. कागद मिळत नव्हता, म्हणून जुन्या परीक्षेच्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी कडू कंदाची रीत अकरा वेळा लिहून काढली. मोठं अक्षर, सुटे शब्द, म्हणजे दुसरी शिकलेल्यालाही लागावं. खाली आपलं नाव आणि हायस्कुलाचं नाव. अकरा वाड्यांना अकरा कागद, परशरामनं पोचवायचे. पाकीट टपालात टाकून आले तेव्हा विनोदिनीबाई म्हणाल्या, "आज तुमचा चेहरा बोहल्यावर होता तसा दिसतोय."

तो चेहरा दहा दिवस टिकला. अकराव्या दिवशी परशरामचं कार्ड आलं. सर्व कागद पोचवले, लोक आपल्याला दुवा देत आहेत, असं लिहून खाली एक शंका होती: 'ओढे आटले आहेत. डोहात पाणी आहे, पण हलत नाही. साचलेल्या पाण्यात पाच दिवस पुरतील काय? उलट टपाली कळवावे.'

मास्तरांनी पक्की वही उघडली. तिच्यात याचं उत्तर नव्हतं. मग माळ्यावरून कच्ची वही काढली, धूळ झटकली, आणि ते पान सापडलं. 'आत्ता पानी हाय, म्हनून पाच.' त्याच्याखाली रेघ मारलेल्या ओळी. समासात स्वतःचंच अक्षर.

मास्तर तिथंच, शिडीच्या पायरीवर बसले. लोक कंद खणतात वैशाखात, घरातला दाणा संपल्यावर, आणि वैशाखात ओढा वाहतो कुठं? म्हणून तर म्हातारीनं आधी खायचं होतं! पाण्याचा भरवसा नाही, दिवसांचा भरवसा नाही, भरवसा फक्त एका माणसाच्या पोटाचा, आणि तेवढंच आपण खोडून टाकलं. अकरा वाड्यांत आपल्या सहीनं जे गेलं होतं ते अर्धं औषध होतं आणि अर्धं विष.

विनोदिनीबाईंनी वही हातातून घेतली, वाचली, आणि त्यांची पिशवी काढून पुढं ठेवली. मग म्हणाल्या, "अहो, पत्र लिहीत बसू नका. जा."

मिळेल त्या गाडीनं मास्तर लोंढ्याला उतरले. परशरामनं पाच वाड्या घेतल्या, सहा मास्तरांनी. चोपन्न वर्षांचा माणूस, वैशाखाचं ऊन, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, आणि पायवाट अशी की वाटेत माणूस भेटेल तर शपथ. ते चालत नव्हतेच, पळत होते. पहिल्या वाडीत कागद खांबाला खोचलेला होता, कंद अजून खणलेच नव्हते. मास्तरांनी कागद फाडला, तोंडी सगळं सांगितलं, पाणीसुद्धा न पिता निघाले. दुसऱ्या वाडीत, तिसऱ्या वाडीतही वेळेवर पोचले. चौथ्या वाडीत एक बाई डोहातून बुट्टी काढत होती. मास्तरांनी धावत जाऊन ती बुट्टी तिच्या हातातून हिसकली आणि उपडी केली. बाई किंचाळली.

"मास्तर! दोन दिसांचं खननं हाय ते! काय क्येलासा हे?"

"आधी म्हातारीनं," मास्तर धापा टाकत म्हणाले, "आधी घरातल्या म्हातारीनं खायचं, दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायचं, ते मी लिहायचं राहिलं."

"ते काय लिव्हायचं आसतंय व्हय?" बाई पाण्यातल्या चकत्या गोळा करत तणतणली. "म्हातारीनं खाल्ल्याबिगर कोन देतंय पोरास्नी? लई शानं झालासा!"

ही शिवी मास्तरांना आशीर्वादासारखी लागली. त्यांना हसूच आलं. गुडघाभर पाण्यात उतरून ते तिच्याबरोबर चकत्या वेचू लागले. आपण खोडलं म्हणून लोकांनी थोडंच खोडलं होतं? हे शहाणपण कागदावर नव्हतंच कधी, हाडात होतं. पाचव्या वाडीतही तेच कळलं, की रीत ठाऊक आहे. मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायले. सहावी वाडी उरली होती, ती सगळ्यांत आत. तिथं आपलाच विद्यार्थी आहे, भरमा, अठरा साली आपल्याच शाळेत दुसरीपर्यंत शिकलेला, हे आठवून तर त्यांना आणखी धीर आला. साऱ्या वाडीत वाचता येणारा तो एकटाच. तो काय चूक करणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी ते पोचले. अंगणात सात-आठ बाया बसल्या होत्या. भरमा उठून उभा राहिला. त्याची बायको जयाबाई उंबऱ्याला पाठ लावून बसली होती, आणि आत, अंधारात, त्याची म्हातारी आई अंबुबाई तीनेक वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. पोराचे डोळे अर्धवट उघडे होते आणि त्याचे हातपाय मधूनच थरथरत होते.

"थोरली काल गेली," भरमा म्हणाला. "मालू. पाच वर्साची हुती."

एकीनं मास्तरांना बसायला घोंगडं टाकलं. कुणीतरी पाणी आणलं. या लोकांनी त्यांना शिव्या घातल्या असत्या, काठीनं मारलं असतं तरी बरं झालं असतं. भरमानं त्याऐवजी हात जोडले. वळचणीला जपून ठेवलेला कागद काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"मास्तर, बरं झालं आलासा. वाचा जरा. आमचं कुटं चुकलं ते सांगा. म्या लावून लावून वाचलं, पर आमच्यासारख्याचं वाचनं ते. काय तरी नजरंतनं सुटलं आसंल."

मास्तर म्हणाले, "भरमा, ऐक माझं—"

"आदी वाचा."

त्याच्या आवाजात असं काही होतं की मास्तरांनी कागद उचलला. जयाबाई पुढं सरकली. मास्तर वाचू लागले, आणि शाळेत पाढे म्हणून घ्यावेत तशी ती एकेका कलमाला उत्तर देऊ लागली.

"कंद सोलून पातळ चकत्या कराव्या."

"केल्या."

"राख चोळून एक दिवस झाकून ठेवाव्या."

"ठिवल्या. आंब्याच्या लाकडाची राख."

"बुट्टीत भरून वाहत्या पाण्यात पाच दिवस ठेवाव्या."

"पाच दिस. बोटावर मोजलं. पानी व्हात न्हवतं, म्हनून ह्येनी रोज ईस घागरी वरनं वतल्या. पानी व्हायला पायजे म्हनून लिव्हलंय म्हनले."

मास्तर वाचत राहिले. "दोनदा उकळून पाणी टाकून द्यावे."

"टाकलं."

"नंतर मीठ लावून खावे."

"खाल्लं. पोरांनी आदी," जयाबाई म्हणाली. "म्होरं?"

पुढं काही नव्हतं. पुढं मास्तरांचं नाव होतं. तिनं मान वाकवून कागदाकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघितलं.

तेव्हा मास्तरांनी सांगितलं. एक ओळ होती. लिहून घेतली होती, आणि आपणच खोडली. आधी घरातल्या म्हातारीनं खायचं, घासभर, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पोरांना द्यायचं नाही. हे सांगताना त्यांनी मान खाली घातली होती, त्यामुळं भरमाचा चेहरा त्यांना दिसला नाही. आवाज आला तो आतून, अंबुबाईचा.

"म्या म्हनलं हुतं."

अंगणातल्या सगळ्यांनी वळून बघितलं.

"आदी मला द्या म्हनलं हुतं. ताट वडून घेतलं हुतं म्या." ती भांडत नव्हती. नातवाच्या अंगावरून हात फिरवत, घडलं ते सांगत होती.

भरमा म्हणाला, "म्हनली हुती, मास्तर. म्या तिचा हात धरला. म्हनलं, आये, कागदात तसं न्हाय. मास्तरानी सगळं लिव्हलंय, ह्येवडंच कसं ईसरतील? पोरं दोन दिस उपाशी, मीठसुदीक लावून झालेलं, आनि तू खाऊन उद्यापतोर थांबायचं म्हंजी... म्या हात धरला तिचा." त्यानं आपले हात पुढं करून दाखवले, जणू कुणी खोटं म्हणेल. "का खोडलासा, मास्तर?"

"लाज वाटली," मास्तर म्हणाले.

"कशाची?"

बायका हसल्या होत्या. उष्टं म्हणाल्या होत्या. हे या अंगणात, या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? तरी सांगितलं. भरमा ऐकत होता, पण त्याला ते कळलं असं वाटलं नाही. कळण्यासारखं त्यात होतं काय?

जयाबाई मात्र वेगळंच काही धरून बसली होती. तिनं मास्तरांच्या बाहीला हात घातला. परक्या पुरुषाला एरवी ती असं कधी शिवली नसती.

"मग माजं काय चुकलं न्हवतं?" ती म्हणाली. "म्या राख कमी लावली म्हनून न्हवं? पानी लवकर काडलं म्हनून न्हवं?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तुमचं काहीच चुकलं नव्हतं. सगळं बरोबर होतं."

दोन दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई तेव्हा रडली. उंबऱ्यावर डोकं टेकून, मालूचं नाव घेऊन घेऊन रडली. बाया तिच्याकडं धावल्या. त्या गोंधळात भरमा उठून आत गेला आणि आईच्या पुढ्यात बसला. त्यानं तिचा हात हातात घेतला, आधी धरला होता तोच, आणि आपल्या थोबाडीत मारून घेऊ लागला. म्हातारी हात सोडवून घ्यायला धडपडत होती, आणि मांडीवरच्या पोराला धक्का लागू नये म्हणून तिला तेही नीट जमत नव्हतं.

"तुझं नाही रे, भरमा, माझं आहे," मास्तर बाहेरून ओरडत होते. "माझं आहे ते. ऐक, माझं आहे." पण आत त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.